पाण्यातील जंतूंची मोजदाद : यंत्राचे काम आणि आपले काम

(रामनगर, तालुका जोयडा येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील स्वयंचलित वसाहत-गणक हा आजचा विषय आहे. तो शास्त्रज्ञाने मांडावयाचा. मी कला शाखेचा पदवीधर. प्रयोगशाळेत जे चालते ते लोकांना त्यांच्या भाषेत सांगावे, एवढेच माझे काम. तथापि ज्याला स्वतःला विचारून विचारून समजून घ्यावे लागले, तो कदाचित दुसऱ्याला सोपे करून सांगू शकेल, या भरवशावर मी आपल्यासमोर उभा आहे.

आपण म्हणाल, अशा यंत्राशी रामनगरचा संबंध काय? संबंध पाण्याचा आहे. येथील अनेक कुटुंबांना पाण्याची गोष्ट मी सांगावी असे नाही. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर वसलेले जुने सुपे गाव धरणाच्या जलाशयाखाली गेले आणि तेथील माणसे येथे येऊन नव्याने संसार मांडून बसली. ज्यांनी नदीकाठची घरे सोडली आणि ज्यांच्या त्यागावर दूरदूरच्या गावांत विजेचे दिवे लागले, त्यांच्या घागरीतील पाणी निर्मळ असावे, ही अपेक्षा मुळीच मोठी नाही. ते निर्मळ आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. ते ठरते एका कागदावरील आकड्यावरून. तो आकडा कसा जन्माला येतो आणि त्यावर विश्वास केव्हा ठेवावा, हे प्रत्येक गावकऱ्याने जाणून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम मोजणीची रीत पाहू. जिवाणू इतका सूक्ष्म असतो की नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही. मग तो मोजावा कसा? शेतकऱ्याला हे चटकन समजेल. मूठभर मातीत गवताचे बी किती आहे हे आपल्याला दिसत नाही. पण ती माती वाफ्यात पसरून पाणी शिंपडले, तर काही दिवसांनी उगवलेली रोपे मोजता येतात. प्रयोगशाळेत हेच करतात. पोषक द्रव्ये घातलेल्या मऊ थरावर पाण्याचा मोजका अंश पसरतात आणि ती तबकडी उबवणी पेटीत, बहुधा ३७ अंश सेल्सियसच्या आसपास, एक ते दोन दिवस ठेवतात. जेथे एक जिवंत जिवाणू, किंवा एकमेकांस चिकटलेला त्यांचा लहानसा पुंजका, पडला असेल, तेथे त्याची संतती वाढत जाऊन डोळ्यांना दिसेल असा ठिपका तयार होतो. या ठिपक्याला वसाहत म्हणतात. वसाहती मोजल्या म्हणजे मूळ पाण्यात वाढू शकणारे जिवाणू किती होते, याचा अंदाज बांधता येतो.

ही पद्धत जर्मन वैद्य रॉबर्ट कॉख यांनी १८८० नंतरच्या काही वर्षांत रूढ केली. सुरुवातीस ते थरासाठी जिलेटीन वापरीत. पण ते उबेला वितळून जाई. त्यांच्या एका सहकाऱ्याची पत्नी फॅनी हेस हिने स्वयंपाकघरातील अनुभवावरून आगर वापरण्याची सूचना केली. आपल्याकडील भगिनी ज्याला चायना ग्रास म्हणतात आणि उपवासाच्या दिवशी ज्याची खीर किंवा वड्या करतात, तेच हे आगर. जगातील प्रयोगशाळांना आजही पुरून उरलेला हा पदार्थ एका गृहिणीने सुचविला, हे येथील भगिनींनी ध्यानात ठेवावे. पुढे १८८७ साली कॉख यांचे सहायक युलियस पेट्री यांनी झाकणाची उथळ काचेची तबकडी तयार केली; ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मधल्या काळात, १८८३-८४ साली, कॉख भारतात आले होते. कलकत्त्यास त्यांनी कॉलऱ्याच्या जंतूचा शोध घेतला आणि वस्तीतील लोक ज्या तलावाचे पाणी वापरीत त्या पाण्यातही तो जंतू त्यांना आढळला. पिण्याचे पाणी आणि साथ यांचा धागा आपल्याच देशातील एका तळ्याच्या काठी असा हाती लागला.

आता मोजणीकडे येऊ. तबकडीवर दहा ठिपके असले तर मोजणे सोपे. हजार असले तर ते एकमेकांत मिसळतात आणि मोजदाद अशक्य होते. म्हणून साधारणपणे ३० ते ३०० वसाहती असलेली तबकडीच मोजणीस योग्य मानतात. पाणी फार दूषित असेल तर ते निर्जंतुक पाण्याने विरल करून घेतात. समजा, १ मिलिलिटर नमुना ९९ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात मिसळला, त्या मिश्रणातील १ मिलिलिटर तबकडीवर घेतले आणि ८४ वसाहती उगवल्या. तर मूळ पाण्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये ८,४०० जिवाणू होते असे धरतात. शाळेतल्या मुलांनी करावे असे हे गणित आहे.

पूर्वी ही मोजणी हातानेच होई आणि आजही पुष्कळ ठिकाणी होते. तबकडी प्रकाशित काचेवर ठेवायची, भिंगातून पाहायचे, प्रत्येक ठिपक्यावर लेखणीने खूण करायची आणि आकडा वाढवीत जायचे. वीस-पंचवीस तबकड्या झाल्या की डोळे शिणतात. एकच तबकडी दोन माणसांनी मोजली तर दोन आकडे येतात. म्हणून प्रयोगशाळांत असा दंडक आहे की, मोजणाऱ्याने तीच तबकडी पुन्हा मोजली तर फरक शेकडा ५ च्या आत असावा आणि दुसऱ्याच्या मोजणीशी फरक शेकडा १० च्या आत असावा.

हा शीण आणि ही तफावत कमी करावी म्हणून यंत्र आले. वसाहती आपोआप मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राची माहिती अमेरिकेत १९५७ सालीच प्रसिद्ध झाली होती. आजच्या यंत्रात कॅमेरा आणि संगणक यांची जोड असते. तबकडी एका बंदिस्त पेटीत ठेवतात. तिच्यावर सर्व बाजूंनी सारखा प्रकाश पडतो. वरून छायाचित्र घेतले जाते. संगणक त्या चित्रातील प्रत्येक बिंदूची उजळता व रंग पाहून थर कोणता आणि वसाहत कोणती हे वेगळे करतो, ठरवून दिलेल्या मापापेक्षा लहान ठिपके सोडून देतो, एकमेकींना चिकटलेल्या वसाहती त्यांच्या गोलाईवरून निरनिराळ्या धरण्याचा प्रयत्न करतो आणि काही सेकंदांत आकडा देतो. छायाचित्र नोंदीत राहते. उद्या कोणी शंका घेतली तर तीच तबकडी पुन्हा डोळ्यांसमोर आणता येते. माझ्या मते यंत्राचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. हाताने केलेल्या मोजणीत तबकडी टाकून दिल्यावर उरतो तो वहीतला आकडा. येथे पुरावाही उरतो.

औषधांचे कारखाने, दुग्धप्रकल्प, मोठ्या शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळा, जेथे दिवसाकाठी शेकडो तबकड्या मोजाव्या लागतात, तेथे हे यंत्र खरोखर उपकारक आहे. परंतु त्याच्याही मर्यादा आहेत. झाकणावरून पडलेला पाण्याचा थेंब, थरातील हवेचा बुडबुडा, तबकडीवरचा ओरखडा हे सारे त्याला वसाहतीसारखे दिसू शकते. तबकडीच्या काठाशी प्रकाश परावर्तित होतो आणि तेथील ठिपके निसटतात. काही जिवाणू गोल ठिपका न करता साऱ्या थरावर पसरतात. तेथे यंत्र गोंधळते. म्हणून जाणकार प्रयोगशाळा काही तबकड्या यंत्राने आणि माणसाने अशा दोन्ही रीतींनी मोजून पाहते आणि मगच यंत्रावर भिस्त ठेवते. शिवाय जे तबकडीवर उगवतच नाही ते यंत्र मोजणार कसे? पाण्यातून येणाऱ्या काविळीचा विषाणू या थरावर वाढत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आय. एस. १०५०० प्रमाणे, १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू मुळीच आढळता कामा नये. हा जिवाणू माणसाच्या व जनावरांच्या आतड्यात राहतो. तो पाण्यात सापडला, याचा अर्थ त्या पाण्यात कोठून तरी विष्ठेचा अंश उतरला आहे; आणि ज्या वाटेने तो आला त्याच वाटेने कॉलरा, विषमज्वर, कावीळ यांचे जंतूही येऊ शकतात. परीक्षेसाठी १०० मिलिलिटर पाणी अतिशय बारीक छिद्रांच्या, सुमारे ०.४५ मायक्रॉनच्या, पटलातून गाळतात, ते पटल पोषक थरावर ठेवतात आणि विशिष्ट रंगाच्या वसाहती उगवतात का ते पाहतात. आपल्या विहिरीच्या बाबतीत हवा असलेला आकडा शून्य आहे. शून्य मोजण्यास भारी यंत्र लागत नाही. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी असे यंत्र नाही याची खंत कोणी करू नये. खंत करावी ती दुसऱ्या गोष्टीची. शून्य हा आकडा खोटाही असू शकतो आणि तो खोटा ठरतो तो बहुधा प्रयोगशाळेच्या दाराबाहेर.

याचा एक अनुभव सांगतो. तो सांगताना आजही मला संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका तालुक्यात अतिसाराची तक्रार आली होती. आरोग्य सेवकाने सकाळीच विहिरीचा नमुना घेऊन बर्फाच्या पेटीत ठेवला आणि पेटी जीपमध्ये दिली. त्या दिवशी त्याच जीपने मी एका कार्यक्रमास आलो होतो. कार्यक्रम स्वच्छतेच्या प्रचाराचाच होता. भाषणे लांबली, मग छायाचित्रे झाली, मग चहापाणी झाले. जीप माझ्यासाठी थांबून राहिली. बर्फ वितळला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाटली प्रयोगशाळेत पोहोचली तेव्हा चोवीस तास उलटून गेले होते. तेथील प्रमुखांनी बाटलीवरील वेळ पाहिली आणि शांतपणे नोंद केली : नमुना परीक्षणास योग्य नाही. नवा नमुना जाऊन अहवाल येईपर्यंत आणखी चार दिवस गेले आणि त्या चार दिवसांत माणसे त्याच विहिरीचे पाणी पीत राहिली. विहीर दूषित होती. स्वच्छतेवर मी जे भाषण केले त्याने कोणाचे भले झाले असेल ते असो; माझ्यामुळे जो विलंब झाला त्याने कोणाचे नुकसान झाले, हे मला ठाऊक आहे.

इतिहासातील एक घटनाही येथे सांगण्यासारखी आहे. प्लेगची साथ १८९६ साली मुंबईत आली, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी तेथे लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत प्रथम स्वतःला टोचून घेतली. आपल्या शेजारच्या हुबळीतही १८९८ साली ही लस मोठ्या प्रमाणावर टोचण्यात आली. पुढे १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल या गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सर्वांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. परंतु पुराव्यात असे दिसून आले की, गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले गेले.  अनेक शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यानंतर १९०७ साली हाफकिन दोषमुक्त ठरले. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचेच नाव देण्यात आले. प्रयोगशाळा कितीही उत्तम असो, गावात बाटली हाताळणारा हात जपून चालला नाही तर सारे व्यर्थ जाते, हा त्या घटनेचा बोध आहे.

तेव्हा नमुना कसा घ्यावा, हे सर्वांनी नीट ऐकावे. प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरावी. घरातील लोणच्याची किंवा औषधाची धुतलेली बाटली चालत नाही. नळाचे तोंड स्वच्छ करून दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे आणि मग बाटली भरावी. बाटलीच्या तोंडाला किंवा बुचाच्या आतील बाजूस बोट लावू नये. बाटलीत तळाशी थोडी पूड किंवा द्रव दिसल्यास ती धुऊन टाकू नये. ते सोडियम थायोसल्फेट असते. पाण्यात क्लोरीन असेल तर ते वाटेतही जंतू मारीत राहते आणि पाणी नळाला होते त्याहून चांगले दिसते. थायोसल्फेट त्या क्लोरीनला तेथेच थांबविते. बाटली काठोकाठ भरू नये, वर थोडी जागा ठेवावी. गाव, विहीर वा नळ, तारीख आणि वेळ ही चिठ्ठीवर लिहावी. बाटली बर्फाच्या पेटीत ठेवून शक्य तो सहा ते आठ तासांत पोहोचवावी. चोवीस तासांनंतर तिचा उपयोग राहत नाही. येथून जोयडा, अणशी करीत घाट उतरून कारवार गाठावयाचे म्हणजे पावसाळ्यात किती वेळ जातो, हे आपण जाणता. म्हणून नमुना घेण्याची वेळ गाडीच्या वेळेशी जुळवून ठरवावी. आधी गाडी, मग बाटली.

शिक्षक बंधूंना माझी एक विनंती आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. औषध लावलेल्या कागदाची पट्टी असलेल्या बाटलीत पाणी भरून ठेवावयाचे. विष्ठेशी संबंधित जिवाणू असतील तर एक-दोन दिवसांत पाणी काळे पडते. त्यात वसाहती मोजाव्या लागत नाहीत, यंत्र लागत नाही. अशा बाटल्या मिळवून शाळेत विज्ञानाच्या तासाला प्रत्येक वाडीचे पाणी तपासता येईल आणि फळ्यावर नोंद ठेवता येईल. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्र-तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. या भगिनींनी आणि शाळेने मिळून हे काम केले तर संशयित पाणी आधी गावातच ओळखता येईल आणि प्रयोगशाळेकडे नेमका तोच नमुना जाईल. मात्र बाटली काळी पडली नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. प्रयोगशाळेची परीक्षा ती प्रयोगशाळेचीच.

अहवाल येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. पाणी उकळून प्यावे. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकावी. चांगल्या प्रतीची पावडर १,००० लिटर पाण्यास सुमारे अडीच ग्रॅम लागते. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर असेल तर पाणी सुमारे २८,००० लिटर भरते आणि पावडर सुमारे ७० ग्रॅम. पाणी गढूळ असेल किंवा पावडर जुनी असेल तर हे प्रमाण पुरत नाही. म्हणून आरोग्य सेवकाकडून नक्की करून घ्यावे, निदान अर्धा तास पाणी उपसू नये आणि नंतर क्लोरीन शिल्लक आहे का ते तपासावे. पावडर कोरडीच विहिरीत फेकू नये. बादलीत कालवून, चुना खाली बसल्यावर वरचे पाणी सोडावे.

शेवटी अधिकारी मित्रांना दोन शब्द. अहवाल कचेरीतील फायलीसाठी नसतो. ज्या विहिरीचा नमुना घेतला, त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईला त्याचा निष्कर्ष कळला पाहिजे आणि तो तिला समजेल अशा भाषेत कळला पाहिजे. या भागात मराठी, कोंकणी, कन्नड या भाषा एकाच अंगणात बोलल्या जातात. अहवालाचा सारांश पंचायतीच्या फलकावर या भाषांत लावण्यास खर्च फारसा येत नाही. आणि ग्रामस्थांनीही तो मागावा. नमुना नेला, त्याचे काय झाले, हे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. तो आपला अधिकार आहे.

यंत्रे सुधारत जातील. आज ती वसाहती मोजतात, उद्या आणखी काही करतील, आणि ती जितकी आपल्या जवळ येतील तितके चांगलेच. परंतु त्यांच्यासमोर ठेवलेली तबकडी या गावातून गेलेल्या एका बाटलीपासून सुरू होते. ती बाटली कोणी, केव्हा आणि कशी भरली, हे कोणतेही यंत्र मोजू शकत नाही. तेवढे काम आपण आपल्याकडे घेऊ या. यंदाचा पावसाळा येण्यापूर्वी प्रत्येक वाडीच्या पाण्याचा एक नमुना नीट घेतलेला, वेळेत पोहोचलेला आणि ज्याचा अहवाल परत गावात आलेला असा असावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.